मकरेतली गुरु-शनी युती कशी वाचायची

एका घरात दोन ग्रह दिसले की बरेच जण आधी योगाचं नाव शोधतात. नाव नंतर. आधी दोन्ही ग्रहांचे अंश आणि कला (६० कला म्हणजे १ अंश) कागदावर लिहा.

उदाहरणाला २०२०-२१ची गुरु-शनी युती घेऊ. शनी आधीपासून मकरेत होता. गुरु २० नोव्हेंबर २०२० रोजी तिथे आला आणि एप्रिल २०२१च्या पहिल्या आठवड्यात कुंभेत गेला. या साडेचार महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत हे दोघे एकाच घरात बसलेत. पण २१ डिसेंबरला त्यांच्यात जेमतेम ६ कलांचं अंतर होतं आणि गुरु मकर सोडताना ते १२ अंशांच्या आसपास गेलं होतं. दोन्ही पत्रिकांवर शिक्का 'गुरु-शनी युती' असाच बसतो, वजन मात्र सारखं नसतं. ५ अंशांच्या आत युती घट्ट, १०च्या पुढे सैल, असा अंदाज कामाला पुरतो. पाठभेद आहेत, पण अंतर न पाहताच फलित सांगणं कुठल्याच पाठात बसत नाही.

गणित लाहिरी अयनांशाचं आहे ना, तेही बघून घ्या. अयनांश म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा कोन; लाहिरी आणि रामन हे त्याचे दोन प्रकार. अयनांश बदलला तर दोन्ही ग्रह सारखेच सरकतात, त्यामुळे आपसातलं अंतर तेच राहतं. बदलू शकते ती राशी. रामन अयनांश लाहिरीपेक्षा साधारण दीड अंशाने कमी आहे, म्हणून लाहिरीने मकरेच्या २९ अंशांवर असलेला गुरु तिथे थेट कुंभेत दिसतो आणि पत्रिकेतली युतीच नाहीशी होते.

आता बलाबल. २१ डिसेंबरला दोघे मकरेच्या ६ अंश २१ कलांच्या आसपास होते. शनी स्वगृही (स्वतःच्या राशीत), तर गुरु नीच राशीत, म्हणजे तो जिथे सर्वांत दुबळा मानतात तिथे, तेही परमनीच अंशाच्या (५) अगदी जवळ. नक्षत्र उत्तराषाढा, चरण तिसरा, म्हणून नवमांश (राशीच्या नऊ भागांपैकी ग्रह ज्या भागात आहे त्याची राशी) दोघांचाही कुंभ. नवमांशातही गुरु शनीच्याच घरात! अंतर १ अंशाच्या आत असल्याने ग्रहयुद्धही आहे. जो उत्तरेला तो विजयी, असं धरलं तर शनी जिंकतो. जो तेजस्वी तो विजयी, असं धरलं तर गुरु. अशा ठिकाणी युद्धाच्या निकालावर फलित टांगू नये. राशीबल आणि नवमांश पुरेसे बोलके आहेत, आणि दोन्ही शनीच्या बाजूने आहेत.

नीचभंग, म्हणजे नीचपणा रद्द होतो का ते, तपासल्याशिवाय गुरुला मोडीत काढू नका. नीच राशीचा स्वामी लग्नापासून (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून) किंवा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे १, ४, ७ किंवा १० व्या घरात असेल तर नीचभंग धरतात. इथे तो स्वामी शनीच आहे आणि गुरुशेजारीच बसलाय. त्यामुळे लग्न किंवा चंद्र मेष, कर्क, तूळ वा मकर यांपैकी एका राशीत असला की अट पुरी होते.

खरा फरक पडतो तो भावेशांमुळे, म्हणजे कुठला ग्रह कितव्या घराचा स्वामी आहे त्यामुळे (चतुर्थेश म्हणजे चौथ्या घराचा, षष्ठेश म्हणजे सहाव्या घराचा स्वामी). तूळ लग्नाला शनी चतुर्थेश-पंचमेश, म्हणजे योगकारक (खास शुभफळ देणारा), आणि चतुर्थात स्वगृही. गुरु तिथे तृतीयेश-षष्ठेश, त्यामुळे नीचभंग झाला तरी चांगल्या शनीला षष्ठेशाची सोबत आहे, हे विसरता येत नाही. सिंह लग्नाला हीच युती षष्ठात पडते, पंचमेश गुरु नीचेचा होऊन षष्ठेशाच्या घरात जातो. संतती आणि शिक्षण या बाबी तिथे जपून वाचाव्यात. मेष लग्नाला नवमेश गुरु आणि दशमेश शनी दशमात एकत्र येतात. वरवर बघता धर्मकर्माधिपती योग, म्हणजे नवव्या आणि दहाव्या घरांच्या स्वामींचा राजयोग! पण मेष लग्नाला केवळ गुरु-शनीच्या युतीने राजयोग होत नाही, असं पाराशरी परंपरा वेगळं बजावते, कारण गुरु व्ययेशही (बाराव्या घराचा स्वामी) आहे आणि शनी लाभेशही (अकराव्याचा).

रवी कुठे आहे ते बघायचं राहून जातं. जानेवारी २०२१च्या शेवटच्या आठवड्यात शनी आणि गुरु दोघेही रवीच्या अगदी जवळ होते. अस्ताची (रवीच्या तेजात ग्रह झाकला जाण्याची) मर्यादा गुरुला ११ अंश, शनीला १५. त्या दिवसांतल्या पत्रिकांत दोघेही अस्तंगत आहेत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तर मकरेत एकूण सहा ग्रह जमले होते. तिथे गुरु-शनीची जोडी वेगळी काढून वाचणं निरर्थक आहे.

युती फळते दशेत, म्हणजे आयुष्यातल्या एकेका ग्रहाच्या काळात; मोठा काळ महादशा, त्यातला लहान तुकडा अंतर्दशा. विंशोत्तरीत (१२० वर्षांच्या दशापद्धतीत) गुरु महादशेत शनीची अंतर्दशा २ वर्षं ६ महिने १२ दिवसांची, आणि शनी महादशेत गुरुचीही तेवढीच. पण ती कोणत्या वयात येते, हे जन्मनक्षत्रावर ठरतं. चंद्र आर्द्रेत असेल तर पहिली दशा राहूची, आणि तिची उरलेली वर्षं संपताच, म्हणजे अठराव्या वर्षाच्या आतच, गुरु सुरू होतो आणि त्यानंतर २ वर्षं १ महिना १८ दिवसांनी शनीची अंतर्दशा लागते. चंद्र रेवतीत असेल तर पहिल्या, बुधाच्या दशेची शिल्लक आणि वर आणखी ६८ वर्षं गेल्यावर गुरु महादशा येते. तोवर इतर महादशांतल्या गुरु आणि शनीच्या अंतर्दशांवरच भागवायचं, आणि तिथे महादशेचा स्वामी या दोघांपासून कितव्या स्थानी आहे ते आधी मोजायचं.