वांगी कोणाला पाठवायची?

मागच्या आठवड्यात रात्री अकराला भाच्याचा फोन आला. थंडीच्या दिवसांत न्यूयॉर्कचे रात्रीचे अकरा म्हणजे खान्देशातले सकाळचे साडेनऊ. हा पोरगा ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो आणि साहेब यायच्या आत मावशीशी बोलून घेतो. गप्पा झाल्या, आखाजीला येणार का ते विचारून झालं, मग गाडी रुळावर आली. "मावशी, तठे नगरपालिकामा लागाले कोनले भेटनं पडस?"

तो जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत संगणकावर बसतो. गावाचं नाव लिहीत नाही, पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तीन ठेकेदार बदलले, खुर्ची तीच, काम तेच. घरपट्टीची सगळी बिलं त्याच्या हातून निघतात, पण हजेरीपटावर त्याचं नाव नगरपालिकेच्या रकान्यात कधी आलं नाही.

मी न्यूयॉर्क शहराच्या एका खात्यात हिशेबाचं काम करते. तेव्हा प्रश्न योग्य माणसालाच विचारला होता. मी म्हटलं, "कोणालाच भेटावं लागत नाही." तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "मावशी, खरं सांग ना."

त्याचा विश्वास बसला नाही यात त्याची काही चूक नाही. आमच्या घरात नोकरी म्हणजे काय, हे आम्ही सगळे आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे बघून शिकलो.

आबा 1976 साली जकात नाक्यावर कारकून म्हणून चिकटले. परीक्षा नाही, मुलाखत नाही. गावातल्या एका पुढाऱ्याची चिठ्ठी होती, तीही एका ओळीची: पत्र आणणाऱ्यास सामावून घ्यावे. ती ओळ आबांना पुढे एकतीस वर्षं पुरली आणि एकतीस वर्षं फेडावी लागली. निवडणूक आली की नाक्यावरची पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घालून आबा वाड्यावर मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला बसायचे. वाड्यावर लग्न निघालं की पंगतीत वाढायला आबा. आणि दरवर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी बामणोदची भरिताची वांगी. फैजपूरकडचे आमचे एक नातेवाईक गोणीभर पाठवायचे. आबा ओट्यावर बसून एकेक वांगं हातात घेऊन निवडायचे. हिरवट-पांढरं, काळा डाग नसलेलं, वजनाला हलकं, म्हणजे आत बी कमी. निवडलेली वाड्यावर, किडकी आमच्या भरितात. मी पाचवी-सहावीत असताना एकदा विचारलं होतं, आपण चांगली का खायची नाहीत? आई म्हणाली, "खातो आहोत ना, त्यांच्यामुळेच खातो आहोत."

हे सगळं फक्त आपल्याकडचं, असा माझा समज होता. तो इथे आल्यावर मोडला. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर चेंबर्स स्ट्रीटवर एक जुनं कोर्ट आहे, ट्वीड कोर्टहाउस. विल्यम ट्वीड नावाच्या पुढाऱ्याच्या राज्यात ते बांधलं गेलं, आणि त्यावर सव्वा कोटी डॉलरच्या वर खर्च दाखवला गेला. त्याच काळात, 1867 मध्ये, अमेरिकेनं आख्खा अलास्का 72 लाखांत घेतला होता. या ट्वीडच्या पक्षसंघटनेला टॅमनी हॉल म्हणत. शहरातल्या नोकऱ्या म्हणजे तिची तिजोरी. झाडूवाल्यापासून कारकुनापर्यंत माणूस लावायचा, मग त्यानं पगारातला ठरलेला हिस्सा पक्षाला द्यायचा आणि मतदानाच्या दिवशी राबायचं. 1894 मध्ये राज्याच्या एका समितीनं पोलीस खात्याची चौकशी केली, तेव्हा साध्या शिपायाच्या नोकरीचा भाव 300 डॉलर असल्याचं बाहेर आलं. वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आमच्या वाड्यावरचंच चाललंय, फक्त वांग्यांच्या जागी डॉलर.

हे बदलायला एका राष्ट्राध्यक्षाचा जीव जावा लागला. 1881 च्या जुलैमध्ये जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गीटो नावाच्या माणसानं गोळ्या झाडल्या. त्याची तक्रार काय, तर मी तुमच्या पक्षाचं काम केलं, मला वकिलातीत जागा का दिली नाही. गारफिल्ड सप्टेंबरात गेले. 1883 च्या जानेवारीत केंद्राच्या नोकऱ्यांना परीक्षा लावणारा पेंडलटन कायदा झाला, त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानंही आपला कायदा केला. पुढे 1894 च्या राज्यघटनेत वाक्यच घातलं की राज्यात आणि शहरांत नेमणूक गुणवत्ता आणि लायकी पाहून, आणि जमेल तिथवर स्पर्धा परीक्षेनं व्हावी. "जमेल तिथवर" हे शब्द लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे.

एक आणखी सांगते, कारण इथल्या लोकांना हे सांगितलं की ते चाट पडतात. इंग्रजांनी चिठ्ठीचा कारभार बंद करून स्पर्धा परीक्षा घेतली ती आधी हिंदुस्थानातल्या नोकरीसाठी. 1853 च्या कायद्यानं कंपनीच्या संचालकांचा आपली माणसं लावायचा हक्क गेला, 1855 मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. त्यांच्या स्वतःच्या देशातल्या कचेऱ्यांत खुली स्पर्धा सुरू व्हायला 1870 उजाडलं. औषध आधी आपल्यावर चालवून पाहिलं म्हणायचं. पेपर लंडनला असल्यामुळे आपल्या पोरांना त्याचा फायदा किती, ते वेगळं.

आता माझी परीक्षा. ग्रीन कार्ड आलं त्या वर्षी मी अकाउंटंटच्या पदासाठी अर्ज केला. पोलिसासारखी काही पदं सोडली तर बऱ्याच पदांना नागरिकत्वाची अट नाही, हे मला जॅक्सन हाइट्समधल्या किराणा दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एका गुजराती बाईनं सांगितलं. ब्रुकलिनमधल्या केंद्रावर संगणकावर पेपर. फोन आत न्यायचा नाही. 70 ला पास. नंतर उत्तरतालिका लागते आणि उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत घेता येते. एमपीएससीवाल्यांना यात नवीन काही नाही.

परीक्षा आपल्याकडेही रगड आहेत. मला इथे भावली ती त्यानंतरची यादी. पास झालेल्या सगळ्यांची गुणांप्रमाणे एक यादी लागते आणि प्रत्येकाला त्यात नंबर मिळतो. माझा 412. ही यादी शहराच्या संकेतस्थळावर कोणीही उघडून बघावी, त्यात नाव, गुण, नंबर सगळं. ती कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त चार वर्षं जिवंत राहते. ती जिवंत असेपर्यंत त्या पदावर माणूस घ्यायचा तर तिच्यातूनच. साहेबाचा पुतण्या असो नाहीतर महापौरांचा ड्रायव्हर, यादीत नसेल तर बाहेर. महापौरांना आपल्या विश्वासातली माणसं हवीच असतात, नाही असं नाही. खातेप्रमुख, त्यांचे खासगी सचिव अशा जागा परीक्षेतून वगळलेल्या आहेत, पण कोणत्या आणि किती ते नियमात लिहिलेलं आहे. मर्जीला कुंपण घातलंय, इतकंच. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

वाट मात्र भरपूर बघावी लागली. परीक्षेनंतर यादी लागायला सव्वा वर्ष, बोलावणं यायला आणखी आठ महिने. तोवर मी एका दुकानात गल्ल्यावर बसत होते. बोलावणं आलं त्या खात्यात, नाव नको, मला नाकारलं आणि माझ्या खालच्या नंबरचा मुलगा घेतला. मी घरी येऊन तणतणले. नवऱ्यानं नियम काढून दाखवला: यादीत उरलेल्यांपैकी वरच्या तिघांतून कोणालाही घेता येतं. म्हणजे वरचा नंबर असून हातात काही नाही! कारण सांगायची सक्तीही नाही. त्या मुलाचं तिथे कोणी होतं की तो माझ्यापेक्षा बरं बोलला, मला आजही कळलेलं नाही. पण तीन महिन्यांनी दुसऱ्या खात्यातून बोलावणं आलं, कारण यादी जिवंत होती आणि त्यात मी होते. मधल्या काळात मला कोणाच्या पाया पडायचं कारण पडलं नाही.

नेमणूक झाली त्या रात्री आबांना फोन केला. ते खूश झाले, मग जरा थांबून म्हणाले, "मग वांगी कोणाला पाठवायची?"

ते चेष्टा करत नव्हते. शेजारून आई म्हणाली, "तिकडे मिळतात तरी का भरिताची?" विषय तिकडे गेला. मी फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी बसले होते.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं नेमका खिळा ठोकला. "म्हणजे तिकडं माझ्यासारखे नाहीतच?" आहेत की. यादी नसेल तेव्हा खात्याला हंगामी माणूस घेता येतो, नियमाप्रमाणे फक्त नऊ महिन्यांसाठी. प्रत्यक्षात लोक त्या जागांवर वर्षानुवर्षं बसले. 2007 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात हे चालणार नाही म्हणून ठणकावलं, तेव्हा न्यूयॉर्क शहरात असे हंगामी तीस हजारांच्या वर निघाले. ती संख्या खाली आणायला पुढे वर्षं लागली. सव्वाशे वर्षं कायदा असलेल्या शहराची ही गत. "जमेल तिथवर" या शब्दांतून एवढी माणसं आत शिरली होती.

"उमादेवीसारखंच की," भाचा म्हणाला. आपल्याकडच्या कंत्राटी माणसांना 2006 चा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडपाठ असतो. मागच्या दारानं आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही, असं घटनापीठानं म्हटलं. मंजूर पदावर दहा वर्षं काढलेल्यांसाठी एकदाच सवलत ठेवली. याची दहा वर्षं त्या तारखेनंतर भरली आणि पदही ठेकेदाराचं. दोन्हीकडून गेला.

कागदावर बघितलं तर आपल्याकडे काय नाही? मुख्याधिकारी एमपीएससीतून येतात. नगरपरिषदांच्या राज्य संवर्गाची परीक्षा होते, 2023 मध्ये 1782 पदांची जाहिरात निघाली होती. किती पदं ते ठरवणारा आकृतिबंध आहे, आरक्षणाची बिंदुनामावली आहे, सेवाप्रवेश नियम आहेत. पण आस्थापना खर्चाला, म्हणजे पगारपाण्याला मर्यादा, वसुली तोळामासा, म्हणून पदं भरायची नाहीत. काम तर थांबत नाही. मग ठेकेदार. पुढच्या दाराला तीन कुलपं लावली आणि मागची भिंतच ठेवली नाही, तर कुलपांचं कौतुक कोणी करायचं?

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. सफाई कामगारांच्या वारसाला नोकरी देणारी लाड-पागे समितीची तरतूद त्याला खटकते, हा वशिलाच झाला म्हणतो. इथेही कर्तव्यावर असताना मारल्या गेलेल्या पोलिसाच्या किंवा अग्निशामक जवानाच्या मुलांना परीक्षेत दहा गुण जास्तीचे मिळतात, पण आधी पास व्हावं लागतं. त्याचं म्हणणं, आपल्याकडेही तसंच करा. मला ते पटत नाही. इथे सफाई कामगाराच्या परीक्षेला हजारोंनी लोक बसतात, अवजड ट्रकचा परवाना लागतो, पगार चांगला, आणि घरी कोणी ते काम लपवत नाही. आपल्याकडे गटारीत उतरायला ठरावीक घरांतलीच माणसं पिढ्यान् पिढ्या लावली. बाकीच्यांनी त्या जागेसाठी अर्ज करायची लाज बाळगली आणि आता वारसानं अर्ज केला की गुणवत्ता आठवते. तो गप्प झाला. पटलं म्हणून की मावशी आहे म्हणून, देव जाणे.

मग त्यानं विचारलं ते मला आधी सुचलंच नव्हतं. "मावशी, जेव्हा पहिल्यांदा परीक्षा लावली, तेव्हा आधीपासून बसलेल्यांचं काय केलं?"

पेंडलटन कायद्यात सुरुवातीला केंद्राच्या दहातली जेमतेम एक नोकरी आली होती. पुढचे राष्ट्राध्यक्ष आणखी पदं त्यात घालत गेले. पण ती कधी? पुष्कळदा खुर्ची सोडायची वेळ आली की. आपण लावलेली माणसं नव्या पक्षानं काढू नयेत म्हणून त्यांच्या जागा कायद्याच्या छताखाली ढकलून द्यायच्या. चिठ्ठीवर आलेला माणूस बिनपरीक्षेचा कायम झाला आणि परीक्षा लागली ती त्याच्यानंतरच्याला. वशिल्याची शेवटची पिढी अशी नियमात बसली.

"म्हणजे आबा सुटले," भाचा म्हणाला.

"आबा सुटले."

"आणि मी?"

तो सदतीस वर्षांचा आहे. खुल्या वर्गाला वयाची मर्यादा अडतीस. मी म्हटलं, पुढची जाहिरात आली की अर्ज कर, पुस्तकांचे पैसे मी पाठवते. तो म्हणाला, पुस्तकं आहेत गं, वेळ नाही. मार्चच्या आत सगळ्या वॉर्डांची मागणी बिलं काढायची आहेत आणि त्या प्रणालीत नावं कशी दुरुस्त करायची हे ऑफिसात त्याच्याशिवाय कोणाला येत नाही. मागच्या वर्षी परीक्षा देऊन लागलेला एक नवा लिपिक आलाय, चांगला मुलगा आहे, त्याला सध्या हाच शिकवतोय.

एवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. "ठेवतो मावशी, साहेब आले," म्हणाला आणि फोन ठेवला.