फॉर्ममध्ये खरं लिहिलं आणि गाय आठवडाभर लांबली (फार्मभेटीचा माझा अनुभव)

आधीच सांगते, दिवस छान गेला. मुलं अजून तिथल्या एका करडाबद्दल बोलतायत. पण मला स्वतःला त्या सगळ्यातलं काय आठवतं तर ऑनलाइन बुकिंगचा फॉर्म आणि त्यातला सातवा प्रश्न. महिना होऊन गेला तरी माझं डोकं त्यावरून शांत झालेलं नाही म्हणून लिहायला बसलेय.

तर झालं असं की मोठी लेक, वय ९, जेवताना म्हणाली की गाय म्हणजे कायम दूध देणारा प्राणी, आणि सासूबाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, अगं आधी वासरू व्हावं लागतं, मग दूध, आणि वासरू व्हायला नऊ महिने नऊ दिवस, तुझ्या आईला लागले तेवढेच. लेकीला हे इतकं पटेना की म्हणलं चला, दाखवूनच आणू. नुसतं प्राण्यांसोबत फोटो काढायचं पार्क नको होतं, खरंखुरं चालू फार्म हवं होतं, जिथे माणसं आपल्या पोटापाण्यासाठी गाई-शेळ्या-कोंबड्या पाळतात आणि शनिवार-रविवारी थोडे पाहुणे घेतात. असं एक मिळालं. शोधण्यात फार काही सांगण्यासारखं नाही.

फॉर्म गुरुवारी रात्री भरायला घेतला, शनिवारी जायचं होतं. आम्ही पाच आणि दीर-जाऊबाई, असे सात जण. नाव, नंबर, गाडी किती, सगळं झालं. घरात कोणी गरोदर आहे का? हो, जाऊबाई, पाचवा महिना. तिथे लगेच खाली लाल अक्षरात आलं की त्यांनी विणाऱ्या किंवा नुकत्याच व्यायलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या जवळ जायचं नाही. हे मला आवडलं, म्हणजे कोणीतरी विचार करून फॉर्म बनवलाय असं वाटलं. (हे कोणालाच माहीत नसतं म्हणून सांगते. व्यायच्या वेळच्या पाण्यात आणि वारेत असे जंतू असू शकतात की पोटातल्या बाळाला धोका. नुसतं हात न लावून भागत नाही, जो तिथे जाऊन आला त्याचे कपडे-बूटसुद्धा तिने हाताळू नयेत.)

मग सातवा प्रश्न. गेल्या ४८ तासांत तुमच्यापैकी कोणाला उलट्या किंवा जुलाब झाले आहेत का? हो / नाही.

आता धाकटा आहे ५ वर्षांचा आणि त्याला गाडी लागते. बुधवारी संध्याकाळी एका लग्नाहून येताना गाडीत एकदा ओकला, घरी आल्यावर दोन पोळ्या खाऊन झोपला, सकाळी उड्या. पण प्रश्न होता उलटी झाली का, तर झाली होती ना. मी 'हो' दाबलं. शेजारी नवरा बसला होता, तो म्हणाला "अगं हे कशाला लिहितेस?" मी म्हणलं खरं आहे ते लिहायचं. पैसे भरले, पैसे गेले, आणि समोर पाटी आली: तुमची नोंदणी पडताळणीसाठी थांबवली आहे, आम्ही कळवू.

कळवू म्हणजे कधी? कुठे? काही नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला, ऑफिसची गडबड सुरू व्हायच्या आत, फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. परत लावला. परत. दिवसभर मीटिंगा, मधे वेळच मिळाला नाही, संध्याकाळी सहाला घरी येता येता लावला, तेव्हाही तेच. एकूण आठ कॉल. मेसेज टाकला तर आपोआप उत्तर आलं, तुमचा संदेश मिळाला, आम्ही कळवू. ते 'आम्ही कळवू' वाचून तर माझं टाळकंच सटकलं.

म्हणलं ठीक आहे, नवीन फॉर्म भरू. तर या नंबरवर आधीच नोंदणी आहे. नवऱ्याच्या नंबरवरून भरला. (तेव्हा धाकट्याच्या उलटीला ४८ तास होऊन गेले होते म्हणून सातव्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं, आणि तेही खरंच होतं हं.) सगळं भरून शेवटी आलो तर संध्याकाळी धार बघायच्या वेळेला फक्त ३ जागा शिल्लक. गुरुवारी रात्री फॉर्म भरताना तर सगळ्या मोकळ्या दिसत होत्या! पाच मिनिटं लागली डोक्यात प्रकाश पडायला. गोठ्यात एका वेळी दहाच माणसं सोडतात आणि त्यातल्या सात जागा कोणी अडवल्या होत्या? आम्हीच. माझीच अडकलेली नोंदणी माझ्याच वाटेत आडवी बसली होती. त्यावर नवरा हसला, आणि त्या हसण्याचा मला जो राग आला तो फॉर्मच्या रागात मिसळला तो मिसळलाच.

"फॉर्म म्हणजे काय कोर्टातली साक्ष आहे का गं," असं तो दोनदा म्हणाला. पहिल्यांदा मी ऐकून घेतलं.

शेवटी रात्री सासूबाईंनी विचारलं, फोन किती वाजता करतेस तू? सांगितलं, सकाळी साडेसहा, संध्याकाळी सहा. त्या म्हणाल्या, "अगं ती धारेची वेळ. हात कासेला असताना फोन कोण उचलेल? उद्या अकराला कर." त्यांचं लहानपण गाई-गुरांत गेलंय, तेरा वर्षांत मी त्यांना ही गोष्ट कधी नीट विचारली नव्हती. बारा-बारा तासांच्या अंतराने धार, पहाटे आणि संध्याकाळी, आणि सणवार असो पाऊस असो ती वेळ हलत नाही कारण कास भरली की गाईला दुखतं. म्हणजे मी ऑफिसच्या आधी आणि नंतर असे माझे सोयीचे दोन तास निवडले होते, आणि त्यांचे नेमके तेच दोन अडचणीचे.

शनिवारी अकराला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. एका बाईंचा आवाज, मागे कोंबड्या.

त्यांनी विचारलं ताप होता का, जुलाब होते का, घरात अजून कोणाला काही? मी म्हणलं काहीच नाही हो, त्याला गाडी लागते, एकदा ओकला. "मग ते नाही आम्ही धरत." म्हणलं, पण फॉर्ममध्ये तसं कुठे लिहिलंय? थोडं थांबून म्हणाल्या, "हो, ते राहिलंय."

ते राहिलंय! दोन दिवस, आठ फोन, नवऱ्याचं ते हसू, आणि उत्तर काय तर ते राहिलंय.

कारण मात्र त्यांनी नीट समजावलं, ते इथे देते, नाहीतर मी फक्त कटकट केली असं होईल. पोट बिघडलेलं माणूस बरं वाटायला लागल्यावरही दोनेक दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतं, आणि फार्मवर सगळे एकाच फाटकाला, एकाच कठड्याला, एकाच नळाला हात लावतात. वर पोट आधीच बिघडलेलं असेल आणि येऊन गेल्यावर वाढलं तर ते इथलं की आधीचं हेही कळत नाही. कारण पटलं. फॉर्म नाही पटला. 'गाडी लागल्यामुळे' असा एक चौकोन टाकायला काय जातं?

शनिवार तर गेलाच होता, पुढचा रविवार मिळाला. जुनी नोंदणी त्यांनी तिकडूनच पुढे सरकवली, एका मिनिटात. हे सगळं एका मिनिटाचं काम होतं.

रविवारचं फार लिहीत नाही, पोचलो, फिरलो. पण फाटकाशी बूट धुवायचं प्रकरण आहे त्याची तयारी ठेवा. एका पसरट टबात औषधाचं पाणी असतं, त्यात पाय बुडवून जायचं. आणि आधी ब्रशने तळव्याचा चिखल घासून काढायचा, कारण चिखलाखाली औषध पोचतच नाही, आमच्या पुढच्या गटाला त्यासाठीच परत मागे पाठवलं. लाळ्या-खुरकूतसारखा रोग माणसाच्या बुटावरून आणि गाडीच्या चाकावरून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, त्यामुळे यात कोणी सूट देत नाही. दीर सँडल घालून आले होते, त्यांच्या बोटांत दिवसभर तो वास. बंद बूट घाला, रबरी असतील तर सोन्याहून पिवळं.

आता धार. यासाठीच तर सगळा आटापिटा होता.

गोठ्यात आम्ही दहा जण कठड्याच्या अलीकडे. गाय तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, वासरू बाजूला बांधलेलं. धार काढणाऱ्या बाईंनी (फोनवरच्याच, आवाजावरून ओळखलं) कास कोमट फडक्याने पुसली आणि पहिल्या दोन-चार धारा एका काळ्या वाटीत काढल्या, गाठी दिसतात का बघायला, गाठी म्हणजे कासेला सूज असते. दूध स्वच्छ होतं. मग वासराला जरा सोडलं, त्याने दोन ढुशा दिल्या, परत बांधलं. आणि नेमकं तेव्हा आमच्या धाकट्याने आनंदाने किंकाळी फोडली. गाईने मान वळवली, एक पाय उचलला, आणि दूध बंद. अक्षरशः बंद, बाई आचळ ओढतायत आणि दोन थेंब. गाय घाबरली की पान्हा चोरते. पुसणं, वासराचं तोंड लागणं याने तिच्या रक्तात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक येतं आणि मिनिटभरात दूध खाली उतरतं, आणि भीतीने ते सगळं अडतं. लेकीने हे लगेच वहीत लिहून घेतलं, मी मात्र दहा लोकांच्या नजरा झेलत धाकट्याच्या तोंडावर हात ठेवून उभी.

सासूबाई पुढे झाल्या. कोणाला विचारलं नाही, नुसतं त्या बाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. गाईच्या पाठीवरून, मग मानेखालच्या पोळीवरून हात फिरवत हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहिल्या. मग खाली बसल्या, गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या. अंगठा आणि पहिल्या बोटाने आचळ वरून आवळायचं आणि मग एकेक बोट खाली मिटत यायचं, ओढायचं नाही. दोन-तीन वेळा काही नाही. मग बादलीत टण्ण असा आवाज आला, मग दुसरा, आणि मग तो आवाज फेसात बुडून सुर्र सुर्र होत गेला. साठ वर्षांपूर्वीची सवय म्हणे. नवरा व्हिडिओ काढायचं विसरला, कसलाही राग न धरता सांगते.

बाकी आठवेल तसं. ते दूध तिथेच कच्चं प्यायला मागू नका, एक गृहस्थ हट्ट करत होते, कच्च्या दुधातून ब्रुसेलासारख्या जंतूंचे आजार होतात, उकळूनच. हात साबणाने वाहत्या पाण्यात धुवा, खायच्या आधी तर नक्कीच. बाटलीतलं सॅनिटायझर चोळून भागत नाही, शेणातून येणाऱ्या काही जंतूंवर ते चालतच नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ई कोलायचा एक प्रकार किडनीपर्यंत त्रास देऊ शकतो. बोट तोंडात घालणारं पोर असेल तर एका मोठ्या माणसाने फक्त तेवढंच बघायचं, ते काम मला होतं. खाऊ प्राण्यांपासून लांब. अंड्यांच्या खोलीत वेळ ठेवा, कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस आणि बदकाच्या अंड्याला २८, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली आणि वर तारखा लिहिलेल्या, लेक तिथून हलेना. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात हे तिला तिथेच कळलं, तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते.

आणि पोचायची वेळ धारेच्या दीड तास आधीची ठेवा, बूट, नळ, रांग यात तेवढा जातोच.

येताना धाकटा गाडीत परत ओकला. लेकीने मागून विचारलं, "आई, आता ४८ तास मोजायचे का?" त्या दिवसातलं माझं मनापासूनचं हसू तेच.

सोमवारी त्यांचा अभिप्रायाचा फॉर्म आला. सगळीकडे पाच तारे दिले, गाईला तर सहा दिले असते. शेवटी 'सूचना' म्हणून रकाना होता तिथे सातव्या प्रश्नावर नऊ ओळी लिहिल्या, गाडी लागल्याच्या चौकोनासकट, आणि पाठवला. लगेच उत्तर आलं. तुमचा संदेश मिळाला, आम्ही कळवू. घड्याळात बघितलं तर संध्याकाळचे सहा.