कॉन्टेसाचा ॲक्सल आणि यूआरपी नावाचं गाव

माझ्या जुन्या कॉन्टेसा गाडीला मागचा ॲक्सल बसवायला दोन दिवस लागले. तो दिल्लीहून साताऱ्यात यायला सव्वा महिना. म्हणून आधी गोडाऊनचं रडगाणं.

गाडी 1.8, इसुझू इंजिनवाली. ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मैदानातल्या वेळेच्या शर्यतीच्या, मातीत वळणावर आतलं चाक हलकं झालं की तेच भिरभिरायचं आणि बाहेरचं नुसतं बघत बसायचं. उपाय एकच, एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल: एक चाक भिरभिरलं तरी दुसऱ्यालाही जोर देणारा. दिल्लीच्या एका विक्रेत्याकडे जपानी गाडीचा एलएसडीवाला अख्खा ॲक्सल मिळाला, 62 हजाराला.

परराज्यातून 50 हजारावरचा माल म्हटलं की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, आलाच. विक्रेत्याने तो नीट केला होता. माझ्याकडे जीएसटी नंबर नाही, म्हणून त्या रकान्यात यूआरपी, म्हणजे अनरजिस्टर्ड पर्सन. पुण्याच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमधल्या क्लार्कला मात्र ते गावाचं नाव वाटलं.

"साहेब, डिलिव्हरी सातारा, इथं तर यूआरपी लिहिलंय. जीएसटी नंबर आणा."

तीनदा समजावलं. चौथ्यांदा स्वतः गेलो, सोबत कंदी पेढे. पेढे त्याने घेतले, नंबर मागायचं काही सोडलं नाही.

यात खरी गोची मुदतीची. ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. दिल्ली-सातारा साधारण दीड हजार किलोमीटर, म्हणजे आठ दिवस. ट्रक वाटेत रेंगाळला आणि पुण्यातच आठव्या दिवसाची रात्र झाली. मुदत संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते, आणि तेही ट्रान्सपोर्टवाल्यानेच करायचं. म्हणजे सकाळी आठपर्यंत. गोडाऊन उघडतं दहाला! नवीन बिल दिल्लीहून निघेपर्यंत अकरा दिवस माझा ॲक्सल साबणाच्या खोक्यांखाली पडून होता. तेव्हा बिलाचा नंबर स्वतःकडे ठेवा आणि शेवटच्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या मुख्य ऑफिसला दुपारीच फोन लावा.

आमच्या मिस्त्रींनी जुना ॲक्सल नवा यायच्या आदल्याच दिवशी उतरवून ठेवला होता. हब ते हब माप जुळलं, ब्रॅकेट मात्र नवे वेल्ड करावे लागले. प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याचं, माप गाडी जॅकवर असताना घेऊ नका, चाकांवर पूर्ण वजन टाकून घ्या. आम्ही पहिल्यांदा जॅकवरच घेतलं होतं, पण कापायच्या आधी मिस्त्रींच्या लक्षात आलं. "थांबा दादा, लोंबतंय की हे!" लांबी बदलली की शाफ्ट बॅलन्स करून घ्यायचाच.

आणि हो, तेल. क्लचप्लेटवाल्या एलएसडीला साधं गिअर ऑइल चालत नाही. मी घाईत साधंच ओतलं, तर वळताना मागून खडखड. एलएसडीचं तेल घातल्यावर आवाज गेला. नंतर मोकळ्या मैदानात हळू आठाचे आकडे काढायचे, डावी-उजवीकडे सारखेच, म्हणजे प्लेटा बसतात.

हे सगळं रस्त्यासाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेत असे बदल करून रस्त्यावर फिरता येत नाही, म्हणून माझी गाडी ट्रेलरवरच जाते.

मातीत आता दोन्ही चाकं एकदम ढकलतात. पहिल्या फेरीत मी हेल्मेटमध्ये एकटाच ओरडत होतो.

एक राहिलंच. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, किती नग आहेत ते मोजूनच सही करा. माझे दोन होते, मी आनंदात एकावर सही केली. काल गोडाऊनमधून फोन आला, हँडब्रेक केबलचं पुडकं सापडलंय. "यूआरपीवाले ना तुम्ही? येताना जीएसटी नंबर आणा."