तुम्ही विचारलंत म्हणून: नवरीनं अंगावर काय काय घालावं?

‘ताई, पारंपरिक म्हणून नक्की काय काय घालायचं असतं? एक यादी देता का?’

लग्नाला दोन-तीन महिने राहिले की हा फोन येतोच. गेली अठरा वर्षं मी नवरीला नऊवारी नेसवते आणि अशी यादी मी आजवर कुणालाच दिलेली नाही. का देत नाही, ते या वेळी सविस्तर लिहिते.

यादी करायला बसलं तर ती संपायची नाही. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, बोरमाळ, लफ्फा, मोहनमाळ, हातात पाटल्या, तोडे, गोठ, दंडाला वाकी, शिवाय नथ आणि मुंडावळ्या. हल्ली हे सगळं एका सेटमध्ये भाड्यानंही मिळतं आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण निदान एक-दोन गोष्टी घरच्या असाव्यात. म्हणून मी नवरीलाच विचारते, ‘त्या दिवशी घरातल्या कुणाची आठवण अंगावर असावी असं वाटतं?’ याचं उत्तर बहुतेक मुली लगेच देतात. आजीची, मावशीची, मामाची.

एक मुलगी पंचाच्या फडक्यात बांधलेल्या पुतळ्या घेऊन आली होती. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावर माणसाची आकृती असते म्हणून आपल्याकडे ती पुतळी झाली. हिच्या पुतळ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि ओवलेला दोरा तर हात लावताच तुटला. मोजल्या तर दोन कमी भरल्या. घरी विचारलं तेव्हा कळलं की त्या दोन आजीनं तिच्या वडिलांच्या कॉलेजच्या फीसाठी मोडल्या होत्या. तिची आई म्हणाली, नव्या दोन घालून माळ पुरी करू. मुलगी नको म्हणाली. आहेत तेवढ्याच पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात गाठवून घेतल्या आणि माळ आखूड होऊन गळ्याशी बसली. मला ती माळ फार आवडली. वडिलांनी तर लग्नात दोनदा जवळ येऊन तिला हात लावून पाहिला.

म्हणून जुना दागिना मोडून नवा करायची घाई करू नका. मोडताना सोनार घट धरतो, वर नव्या दागिन्याची घडणावळ द्यावी लागते. गोठासारख्या दागिन्यात आत लाख असते, त्यामुळे हाताला लागतो तेवढा भार सोन्याचा नसतोच. आजीचा गोठ मोडला की हातात थोडंसं सोनं येतं आणि आजीचा गोठ मात्र कायमचा जातो. त्यापेक्षा लग्नाच्या महिनाभर आधी फिरक्या आणि फासे तपासून घ्या, माळा गाठवून घ्या. नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ घरी दोन तास घालून बघा, म्हणजे ऐन अंतरपाटाशी डोळ्यांत पाणी यायचं नाही.

मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री अनेक मुलींना नकोशी वाटते. फोटोत साधी दिसते म्हणतात. या एका बाबतीत मी हट्ट धरते. ज्या घरांत ती द्यायची रीत आहे, तिथे निदान गौरीहर पुजताना तरी तीच नेसा. मंगलाष्टकांना तुमच्या पाठीशी मामाच उभा असतो, त्याला ती साडी ओळखू येते. गौरीहरापाशी पुजलेली अन्नपूर्णाही पुष्कळ जणी माहेराहून सासरी नेतात. बोटभर उंचीची मूर्ती, पण पुढे रोज हात लागतो तो तिलाच.

आता चुड्याबद्दल. खरं तर मला लिहायचं होतं ते हेच.

एका घरी मी आदल्या दिवशी साडीची चाचपणी करायला गेले होते आणि चुडा भरणं चाललं होतं. कासार चटईवर बसलेला, बाजूला साबणाच्या पाण्याचं भांडं, हिरव्या बांगड्यांच्या दोन-चारच्या मापाच्या जुड्या. आजी दारातच उभ्या होत्या, हात पदराखाली. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. नवरी म्हणाली, ‘पहिली बांगडी आजी भरेल.’ कुणी काहीच बोललं नाही. मग कासारानंच एक बांगडी आजींपुढे धरली. त्या बसल्या, नातीचा अंगठा तळव्यात दाबून धरला, बांगडी सांध्यापर्यंत नेली आणि तिथेच ती वाढली. आजींनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. कासार म्हणाला, ‘काच पातळ आहे, आजी. माझ्या हातून रोज चार वाढतात,’ आणि दुसरी पुढे केली. ती सरकन मनगटावर उतरली.

हिरवा चुडा, कुंकू, मंगळसूत्र, जोडवी यांना आपण सौभाग्याच्या खुणा म्हणतो आणि नवरा गेला की त्याच खुणा बाईच्या अंगावरून काढून घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर गावांनीही हे करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका गावाला जमलं, तर आपल्याला चार भिंतींत एका चुड्यापुरतं का जमू नये? जी बाई तुमच्या लहानपणी तुमची वेणी घालत होती, तिचा हात लग्नाच्या दिवशी तुम्हाला अशुभ कसा होईल?

त्या दिवशी नवरीचा चुडा झाल्यावर रीतीप्रमाणे घरातल्या बायका एकेक करून पुढे बसल्या. शेवटी कासारानं विचारलं, ‘आजी, तुमचं माप?’ आजींनी लेकीकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि म्हणाल्या, ‘दोन-सहा. पण दोनच भर.’

तेव्हा ठुशी घालू की तन्मणी, हे मला लग्नाच्या आठवडाभर आधी सांगितलंत तरी चालेल. चुडा भरताना पहिली बांगडी कोण भरणार, ते मात्र आजच घरी बोलून घ्या. त्या माणसालाही मनाची तयारी करायला वेळ लागतो.