व्हेरिफाय फेल, पण चिप निर्दोष

प्रोग्रॅमरवर, म्हणजे चिपमध्ये फाइल लिहिणाऱ्या यंत्रावर, 'व्हेरिफाय फेल' (लिहिलेलं मूळ फाइलशी जुळत नाही) आलं की बहुतेक जण आधी चिप बदलून बघतात. त्या दिवशी आमच्याकडेही तेच झालं होतं. काम माझ्याकडे आलं तोवर दोन कोऱ्या चिपा बाद म्हणून बाजूला पडल्या होत्या. विनबाँडची डब्ल्यू२५क्यू२५६, म्हणजे ३२ एमबीची एसपीआय फ्लॅश, वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी चिप. ती थेट सॉकेटमध्येच लावलेली, त्यामुळे क्लिप सैल असण्याचा किंवा बोर्डवरचा दुसरा एखादा भाग मध्ये येण्याचा प्रश्न नव्हता. सप्लाय ३.३ व्होल्ट, आयडी बरोबर, इरेझ झालं, ब्लँक चेक (चिप पूर्ण कोरी आहे का, ही तपासणी) पास, राइटही पूर्ण. आणि मग व्हेरिफायला एरर.

दोन्ही चिपा नेमक्या एकाच अ‍ॅड्रेसवर खराब निघतात, हे मला पटेना. एक चिप दोनदा वाचली आणि दोन्ही फाइली ताडून पाहिल्या. एका बाइटचाही फरक नाही. कनेक्शन कच्चं असतं तर दर वेळी वेगळंच काहीतरी वाचलं गेलं असतं.

मग फाइलचा एकेक बाइट आकड्यांत दाखवणारा हेक्स एडिटर उघडला. अशा वेळी चुका किती आहेत यापेक्षा त्या कोणत्या दिशेला आहेत, हे मी आधी बघतो. इरेझ केल्यावर नॉर फ्लॅशचे (ही चिप त्याच प्रकारची) सगळे बिट १ होतात आणि राइटला फक्त १ चा ० करता येतो. फाइलमध्ये ० आणि चिपमध्ये १ दिसला, तर राइट तिथवर पोचलेलंच नसतं. मग राइट रोखणारे प्रोटेक्शन बिट किंवा डब्ल्यूपी (राइट प्रोटेक्ट) पिन तपासायची. इथे सगळंच उलटं होतं. जिथे फरक तिथे फाइलमध्ये १ आणि चिपमध्ये ०, अपवाद एकही नाही. म्हणजे एकाच जागी दोनदा लिहिलं गेलं होतं!

पहिल्या चुकीच्या जागी फाइलमध्ये हेक्स ५६ होतं, चिपमध्ये १२. फाइलमध्ये तिथून बरोबर १६ एमबी पुढे गेलो, तर ९३. आता बिट मांडून बघा: ०१०१०११० आणि १००१००११ यांचं अँड केलं (दोन्हीकडे १ असेल तिथेच १, नाहीतर ०) की ०००१००१०, म्हणजेच १२. वाचलेल्या फाइलचे दोन्ही अर्धे भागही तंतोतंत सारखे निघाले.

तीन बाइटचा अ‍ॅड्रेस १६ एमबीपर्यंतच पुरतो. त्यापुढे चार बाइटचा लागतो, आणि चिपला त्या मोडमध्ये नेणारी बी७ कमांड आमच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती पाठवतच नव्हती. त्यामुळे फाइलचा दुसरा अर्धा भाग पुन्हा शून्यापासून, पहिल्याच्या अंगावर लिहिला जात होता. ब्लँक चेक पास होण्यात काहीच नवल नव्हतं, कारण तो तोच अर्धा भाग दोनदा तपासत होता.

सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि बाद ठरलेल्या दोन्ही चिपा पुन्हा इरेझ करून लिहिल्या. दोन्हींचं व्हेरिफाय पास झालं. तरी सोल्डरिंगला देण्याआधी मी त्या पूर्ण वाचून घेतल्या आणि दोन्ही अर्धे भाग आता वेगळे आहेत ना, हे डोळ्यांनी पाहिलं.