कोयता एक, माणसं दोन

ऊसतोडीवर काही लिहिलं-बोललं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा चांगल्या मनानं येतो: "हंगामाआधी लाखभर रुपये उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, हातात पडते. दोन-चार हंगाम कळ काढली तर पोरं शिकून बाहेर पडतील. मग तिसरी पिढीही उसाच्या फडातच कशी?" तुम्ही विचारलंत म्हणून हिशेबानं सांगते. विचारणाऱ्याच्या मनात दारू, अडाणीपणा, लग्नातला खर्च अशी उत्तरं आधीच तयार असतात. ती बाजूला ठेवून आधी 'कोयता' या शब्दाकडे बघू.

शेतकऱ्याच्या लेखी कोयता म्हणजे अवजार. मुकादमाच्या, म्हणजे कारखान्यासाठी मजुरांची टोळी जमवणाऱ्याच्या, वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, मजुरी जोडीच्या नावावर चढते, टोळी मोजायची तीही जोड्यांनी. एकटा माणूस 'अर्धा कोयता', त्याची उचलही निम्मी. बायकोनं तोडलेल्या, वाहिलेल्या उसाचा वेगळा आकडा कुठेच लिहिला जात नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत, तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडेल.

आता पैसे. जानेवारी 2024 मध्ये तोडणी मजुरीत 34 टक्के वाढ ठरली आणि डोकी सेंटरचा दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. डोकी सेंटर म्हणजे ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून वाहून ट्रक भरून द्यायचा. कसलेली जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टन धरले तरी 732 रुपये, तेही दोघांचे. काम पहाटे चारला सुरू होतं. बारा तास धरले तर माणशी तासाला तीस रुपये पडतात, आणि रात्री ट्रक आला की तो भरायला उठायचं, ते या बारा तासांत धरलेलं नाही.

हंगाम पूर्वी पाच-सहा महिने चालायचा. कारखान्यांची गाळपक्षमता वाढली, हार्वेस्टर उतरले, त्यामुळे आता शंभर दिवसांतही पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. शंभर दिवस, रोज दोन टन, टनाला 366: झाले 73,200 रुपये. उचल लाखाची असेल तर 26,800 अंगावर राहिले. शिवाय फडात असताना पोटाला लागतं. त्यासाठी मुकादम खर्ची देतो, तीही खात्यावर चढते. आठवड्याला हजार धरा, चौदा आठवड्यांचे 14,000. एकूण बाकी 40,800. पुढच्या वर्षी पुन्हा लाखाची उचल ठरली की ही बाकी आधी कापतात आणि हातात येतात 59,200. 'लाखभर हातात पडतात' म्हणताना हा भाग निसटतो. शिवाय हे गणित रोज दोन टनांचं, एकही दिवस न मोडलेलं आहे. मधे अवकाळी आला, ट्रक आला नाही, कुणाला ताप आला, तर तेवढा ऊस कमी. आपणहून घरी बसलं तर तो खाडा, आणि खाड्याला अनेक टोळ्यांत दिवसाला 500 रुपयांपर्यंत दंड.

मुकादमाला खलनायक करून विषय संपवणं सोपं आहे, पण त्याचीही मान अडकलेली असते. कारखाना त्याला मजुरीच्या वीसेक टक्के कमिशन देतो आणि उचलीचे पैसे त्याच्याच नावावर सोडतो. जोडी पळाली तर भरपाई त्यानं करायची. मधल्या मधे कारखान्याच्या हजेरीवर मजुराचं नावच येत नाही. म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, प्रसूतीची रजा नाही, अपघात झाला तर दाद मागायला मालक नाही. बाकी मात्र माणसाच्या नावावर पक्की असते. बाप थकला किंवा गेला तर ती मुलगा फेडतो, आणि फेडायची तर कोयता पूर्ण लागतो.

इथे लग्न येतं. मुलगा सतरा-अठराचा झाला, अंगात ताकद आली, पण एकटा आहे तोवर अर्धा कोयता. लग्न झालं की उचल दुप्पट. त्या उचलीतच लग्नाचा खर्च भागतो, म्हणजे संसार सुरू होतो तोच कर्जाच्या आकड्यावर. मुलीच्या घरचं गणित वेगळ्या बाजूनं तिथेच पोचतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला गावात म्हाताऱ्या आजी-आजोबांपाशी सोडून हंगामभर जायचं, की दार नसलेल्या कोपीत (झोपडीत), अनोळखी फडावर सोबत न्यायचं? दोन्हींत आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. तिसरा पर्याय लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पुरी व्हायच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा होता 21.9. कायदा सगळ्यांना माहीत असतो. 'मुलगी शिकवा' असं भिंतीवर रंगवून हे थांबत नाही, कारण त्या भिंतीमागच्या घरात ती मुलगी दिवाळीनंतर राहणार कुठे, याचं उत्तर कुणी रंगवलेलं नसतं.

पैशाची बाकी निदान वहीत दिसते. शरीराची बाकी दिसत नाही, आणि माझ्या मते ती जास्त चिवट आहे.

सोळाव्या वर्षी मुलीची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. त्यात रक्त कमी. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर तो अशक्तपणा मानतात. लोहाची गोळी रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची असते. गोळ्या गावच्या उपकेंद्रातून मिळतात, आणि ती असते तीनशे किलोमीटरवर. पोटातलं बाळ आणि वाढतं शरीर एकाच अपुऱ्या ताटातून खातात. त्यात ओणव्यानं तोडणी, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर आणि फळीवरून ट्रकात चढणं, हे सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत. बाळ अडीच किलोच्या आत जन्मलं तर ते कमी वजनाचं. असं बाळ मुलगी असेल आणि तिलाही पहिली दोन-तीन वर्षं पोटभर मिळालं नाही, तर ती बुटकी, अरुंद कमरेची बाई होते. तिची प्रसूती अवघड जाते आणि तिचं बाळही कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. आजीच्या ताटातली कमतरता नातीच्या वजनकाट्यावर अशी उमटते. यात 'रक्तातच आहे' असं म्हणण्यासारखं काही नाही. दोन पिढ्या नीट खाणं, विसाव्या वर्षानंतर पहिलं मूल आणि दोन मुलांत तीन वर्षं अंतर मिळालं की साखळी सैल होते.

आता गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल, कारण त्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. 2019 मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमध्ये 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहापैकी एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. 'पाळी नको म्हणून पिशवी काढतात' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. प्रत्यक्षात ते टप्प्याटप्प्यानं होतं. फडात मोरी नाही, पाणी हापशावरून किंवा पाटातून आणायचं, कपडा धुवून उन्हात वाळवायला आडोसा नाही. संसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. पहिल्या आठवड्यात औषधानं बरं होण्याजोगं दुखणं खाड्याच्या धास्तीनं चार महिने अंगावर काढलं जातं. पट्टा पडल्यावर गावाकडे सोनोग्राफी होते आणि कुणीतरी 'कॅन्सर होईल' म्हणतं. दोन-तीन मुलं झालेली असतात. वय तिशी-पस्तिशी. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. अंडाशयंही काढली असतील तर त्या वयातच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. कंबर, सांधे, झोप, सगळ्यावर परिणाम होतो. आणि चाळिशीच्या आत तिचा 'अर्धा' कमी पडू लागला की घरातला पूर्ण कोयता टिकवायला सून आणावी लागते. सून किती वर्षांची, ते वर आलंच आहे.

त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पण दुखणं सुरू होतं फडात, आणि फड बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

मुलांचं वेळापत्रकही उसाच्या वेळापत्रकावर आपटतं. ऑक्टोबरात जन्मलेल्या बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे बरोबर हंगामात येतात. मोठी मुलं पहिलं सत्र गावात बसतात, दुसरं फडात घालवतात. एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वर्ग बेरजेवरून भागाकारावर गेलेला असतो. नववीपर्यंत असं ढकललेलं मूल दहावीच्या पेपरला आपटतं, आणि घर म्हणतं, याच्या डोक्यात शिक्षण नाही. एकेकाळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा होत्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांनी नियमित शाळेतच जावं असं ठरलं आणि त्या बहुतेक बंद पडल्या. तत्त्व योग्य होतं. फक्त कोपीपासून नियमित शाळा अनेकदा तीन-चार किलोमीटरवर होती आणि वाट उसातून होती.

मग काय केल्यानं फरक पडतो? मोठ्या घोषणांपेक्षा निघण्याआधीचा एक महिना मला महत्त्वाचा वाटतो. सलग तीन वर्षं तोडीला जाणाऱ्यांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम ग्रामसेवकाकडे आहे. ते नवरा आणि बायको दोघांच्या नावानं वेगवेगळं मागावं, कारण बाईचं मजूर म्हणून नाव कागदावर येण्याची ही जवळपास एकच जागा आहे. माता-बाल संरक्षण कार्ड मूळ प्रत सोबत ठेवावं आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये. ते दाखवलं की कुठल्याही सरकारी उपकेंद्रात लस मिळते, गाव विचारायचं कारण नाही. गरोदर असेल तर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पूर्ण हंगामाच्या मागून घ्याव्यात. आशाताईला आठ दिवस आधी सांगितलं तर साठ्यातून निघतात, ट्रक दारात उभा असताना निघत नाहीत. अंगणवाडीत 'आम्ही अमुक तालुक्यात चाललो' अशी नोंद करायला सांगावी. स्थलांतराची माहिती पाठवायची राज्याची संगणकप्रणाली आहे, पण इकडच्या ताईनं नाव चढवलं तरच तिकडच्या ताईला दिसतं. गडबड बहुतेक इथेच होते: टोळी रात्री निघते, ठिकाण मुकादमाला माहीत असतं, आणि नोंदीत 'स्थलांतरित' एवढाच शब्द उरतो. रेशनकार्डावर दुसऱ्या जिल्ह्यातही धान्य मिळतं. मात्र ज्याचा अंगठा जुळतो तो माणूस सोबत हवा, आणि पाचटानं सोललेले अंगठे यंत्राला पटकन ओळखू येत नाहीत, म्हणून घरातल्या दोघा-तिघांची आधारजोडणी करून ठेवावी.

कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घेऊन, तेवढीच भर शासनानं घालून, ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला निधी द्यायची तरतूद आहे. त्यातून 41 तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी 82 वसतिगृहं ठरली. मुलीला राहायला सुरक्षित जागा मिळाली तर लग्नाचा तिसरा पर्याय मागे सरकतो, म्हणून सगळ्या उपायांत मी याला सर्वांत वरचं स्थान देईन. लहान मुलांसाठी गावातलंच हंगामी वसतिगृह असतं. नाव वसतिगृह, पण बऱ्याच ठिकाणी मूल शाळेत जेवतं आणि झोपायला नातेवाइकांकडे जातं. यात दोन गोष्टी बिघडतात. टोळी निघते दसरा-दिवाळीत आणि मंजुरी येऊन चूल पेटते त्यानंतर. मधल्या पंधरा दिवसांत मूल ट्रकात बसलेलं असतं आणि एकदा फडात गेलेलं मूल परत पाठवायला बस, माणूस, दिवस काहीच मोकळं नसतं. दुसरी गोष्ट ते 'नातेवाईक'. ती बहुतेक वेळा आजी असते. पन्नाशीची, पंचवीस हंगाम मोळी वाहिलेली, पिशवी काढलेली, कंबरेत वाकलेली. तीन-चार नातवंडांची रात्र तिच्या जिवावर चालते, तिला त्याचा एक रुपया मिळत नाही, आणि कुठल्याच योजनेत तिचं नाव नाही. ती जानेवारीत अंथरुणाला खिळली, की फडात फोन जातो आणि नातवंडं पुढच्या रिकाम्या ट्रकनं आई-बापाकडे पोचतात.