त्या क्वार्टरमधला मसूर

2016 च्या जुलैत कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. स्विफ्ट करंटच्या आसपास मी पीक सल्लागार म्हणून काम करते. एरवी हा भाग कोरडा, पावसाची वाट बघणारा. त्या सकाळी फोन आला तो शेतकऱ्याच्या बायकोचा. "मसूर पिवळा पडतोय. नवरा म्हणतो, शेजारच्या फवारणीचं तणनाशक उडून आलंय. मला तसं वाटत नाही. तुम्ही येऊन बघता का?"

जोडपं चाळिशीतलं, तीन मुलं. नवऱ्याच्या पणजोबांनी दहा डॉलर फी भरून सरकारकडून 160 एकर घेतले होते. 1872 च्या कायद्याने असे तुकडे वाटले गेले. तिथे राहायचं, घर बांधायचं, माळ मोडून पेरा करायचा, मग जमीन नावावर. 160 एकरांच्या त्या चौकोनाला क्वार्टर म्हणतात. यांच्याकडे स्वतःचे आणि खंडाने घेतलेले मिळून बरेच क्वार्टर आहेत. लातूरकडे वाढलेल्या मला पहिल्यांदा ऐकताना ही मोठी जमीनदारी वाटली होती. पण वसंतात बियाणं, खत, डिझेल सगळं कर्जावर येतं, आणि हातात असतात जेमतेम शंभर-सव्वाशे दिवस, ज्यात दंव पडत नाही. बाई जवळच्या गावातल्या वृद्धाश्रमात अर्धवेळ काम करते, आणि घरखर्च त्या पगारावर चालतो. सुगीत ती कामावरून येते, मुलांचं जेवण शेतात नेते आणि रात्री धान्याचा ट्रकही चालवते. शेतकरी म्हणून नाव मात्र नवऱ्याचंच घेतलं जातं. मला ते कधीच पटलेलं नाही.

बुटांवर प्लास्टिकची आवरणं चढवून मी शेतात उतरले. पिवळेपणा पट्ट्यापट्ट्यांनी नव्हता, सखल भागात पसरला होता. तणनाशक उडून आलं असतं तर वाऱ्याची दिशा आणि शेजारची कड दिसली असती. खोऱ्याने झाड मातीसकट काढलं आणि बादलीत हलक्या हाताने धुतलं. निरोगी मसुराचं मूळ पांढरं असतं आणि त्यावर गुलाबी गाठी असतात, नत्र धरणाऱ्या. इथे मूळ मधाच्या रंगाचं झालं होतं. गाठी जवळपास नव्हत्याच. मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात राहिली आणि आतला नुसता दोरा निघाला. कडेच्या चढावरचं झाड काढलं, ते पांढरंशुभ्र. दोन्ही झाडं मी ट्रकच्या फळीवर शेजारी ठेवली. नवरा बराच वेळ ती उलटीपालटी करत राहिला.

"यावर काय मारायचं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले.

अ‍ॅफॅनोमायसिस या मातीतल्या बुरशीसारख्या जिवामुळे होणारी मूळकूज. सस्कॅचेवानमध्ये ती 2012 मध्ये पहिल्यांदा खात्रीने सापडली. पाणी साचलं की तिचे बीजाणू ओल्या मातीतून पोहत मुळापर्यंत जातात. उभ्या पिकात उपाय नाही, आणि जाड कवचाचे बीजाणू दहा वर्षांहून अधिक काळ जमिनीत तग धरतात. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता, पण मला शंका नव्हती.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. बाईने कपाटातून वही काढली. प्रत्येक क्वार्टरला एक पान, दरवर्षी काय पेरलं, किती उतरलं, कधी पाऊस झाला, सगळं तिच्या अक्षरात. या क्वार्टरच्या पानावर मसूर, ड्युरम म्हणजे कडक गहू, पुन्हा मसूर, ड्युरम, मध्ये एकदा वाटाणा. कारण उघड होतं. भारतात दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, डाळी महागल्या होत्या आणि मसुराला कधी नव्हे तो भाव होता. त्या वर्षी कॅनडात मसुराचा पेरा विक्रमी झाला. ज्या पिकाने त्यांना उभं केलं, त्याचीच फेरपालट आखूड पडली होती.

मी सांगितलं, या क्वार्टरमध्ये सहा ते आठ वर्षं मसूर नको, वाटाणाही नको.

नवरा म्हणाला, "तोवर मोठी कॉलेजात जाईल." तो हिशेब मांडत होता. मसूर गेला म्हणजे सगळ्यांत जास्त पैसा देणारं पीक गेलं, वर गव्हाला नत्र विकत घ्यायला लागणार.

बाईने पानं उलटली. "बाकीच्या शेतांतून माती आणून तपासता येईल?" तिने विचारलं. हा प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यांत मोलाचा. आम्ही वहीवरूनच ठरवलं कुठली माती आधी घ्यायची: जिथे मसूर-वाटाणा दाट आला ते क्वार्टर, त्यातही पाणी साचणारे. तिची वही नसती तर ते अंदाजानेच ठरवावं लागलं असतं. आणखी एका शेतात रोग निघाला. बाकीची वाचली, आणि तिथे मसूर लांब अंतराने घ्यायचं ठरलं. रोगट क्वार्टरवर ड्युरम, कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक), मोहरी. शेंगवर्गातलं फाबा बीन, म्हणजे बाकला, या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्याला ओल जास्त लागते. ते पुढच्यासाठी ठेवलं. बाईने वृद्धाश्रमातल्या कामाचे दिवस वाढवून घेतले.

2017 च्या डिसेंबरात भारताने मसुरावर 30 टक्के आयात शुल्क लावलं. तिचा फोन आला. राग नव्हता, तिला समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं की तिकडे आदल्या हंगामात डाळी अमाप पिकल्या, भाव कोसळले, 5050 रुपये हमीभावासाठी माझा भाऊ तूर घेऊन खरेदी केंद्राबाहेर रांगेत थांबला होता. "त्याला पैसे मिळाले का?" तिने विचारलं. मिळाले, उशिरा. "मग बरं," ती म्हणाली, आणि आम्ही मोहरीच्या बियाण्याकडे वळलो, कारण ते जानेवारीच्या आत नोंदवायचं होतं.